खंडेनवमीला पुसलेला पत्ता

मी सांगितलेल्या गोष्टीतून निम्मं वजा करून घ्यायची बिदरकडच्या आमच्या चिटगुप्प्यात पद्धतच आहे. हुमनाबादच्या बसमध्ये बिबट्यानं तिकीट काढल्याचं मी सांगितलं, तेव्हा लोकांनी तिकीट वजा केलं आणि बिबट्या ठेवला. ही गोष्ट मात्र वजाबाकी न करता ऐका. हिच्यात भर घालायला मला जागाच सापडली नाही. सगळी जागा भीतीनं खाल्ली होती.

साल अठ्ठ्याऐंशी. बाजारात भुसाराच्या दुकानांवर, वरच्या मजल्यावर बंडोपंतांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं आणि मी तिथं शिकवायला होतो. इन्स्टिट्यूट चालायचं शिक्षण संस्थेच्या नावानं आणि संस्था चालायची श्रीपतरावांच्या मर्जीनं. मळा त्यांचा, जीप त्यांची, चेअरमनपद त्यांचं. त्यांनी हैदराबादहून एक कॉम्प्युटर आणवला. तालुक्यातला पहिलाच. लोक चपला जिन्याखाली काढून बघायला यायचे आणि त्याच्यापुढं आवाज खाली करून बोलायचे.

मशीन एक आणि शिकणारे दोन. एक वृंदा, श्रीपतरावांच्या थोरल्या भावाची पोर. भाऊ वारलेला, म्हणून पोर आणि तिची आई शारदाबाई चुलत्याच्याच घरात. दुसरा शेजारच्या कोहिनूर गावचा नरसिंग, छप्पनच्या दीक्षेनंतर बौद्ध झालेल्या घरातला, बी.कॉम. पास, बोटं वाऱ्यासारखी. दोन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवायची अक्कल कुणाची, ते विचारू नका. श्रावण संपायच्या आत दोघं गाव सोडून गेली आणि रजिस्टर लग्न करून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी कोहिनूरला नरसिंगच्या बापाच्या, रामरावच्या घरावर एक कवेलू शिल्लक राहिलं नाही. रामराव आणि इंदिराबाई अंगावरच्या कपड्यानिशी उदगीरला लेकीकडं गेली. श्रीपतराव चारचौघांत, पान लावत लावत, अगदी शांतपणे म्हणाले, "लगीन केलंय न्हवं? मग ताटातूट कशाला करायची. सापडली की दोघांला एकाच विहिरीत देतो."

लोक हसले नाहीत. श्रीपतराव चेष्टा करीत नसत.

आता माझं. नरसिंगनं एका ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी पाठवली, की एका गिरणीत काम मिळतंय, इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर शिकल्याचा दाखला पाहिजे. टाइपरायटरवर खडखड केली असती तर काम भागलं असतं. पण मला वाटलं, दाखला कॉम्प्युटरचा, तर कॉम्प्युटरवरच काढावा. गिरणीचं नाव, गाव, त्याखाली नरसिंगचा राहता पत्ता, गल्ली आणि घरमालकासकट. छापला, हुमनाबादला जाऊन टपालपेटीत टाकला, चिठ्ठी चुलीत घातली. मग मशीनला पुसायचा हुकूम दिला. त्यानं निमूटपणे ऐकलं. मी हात झटकले.

आश्विनातल्या अष्टमीला जिलानी आला. हा हैदराबादचा मेकॅनिक, मशीन त्यानंच बसवलेलं. खंडेनवमीच्या पूजेआधी सगळं झाडूनपुसून ठेवायचं म्हणून बंडोपंतांनी त्याला बोलावलं होतं. आणि त्याच सकाळी बंडोपंतांच्या हातून सहामाहीची प्रश्नपत्रिका पुसली गेली होती. म्हातारा रडायच्या बेतात. श्रीपतरावही संस्थेची साफसफाई बघायला येऊन बसले होते.

जिलानीनं खिशातून आपली फ्लॉपी काढली, आत सारली, चार बटणं दाबली, आणि प्रश्नपत्रिका पडद्यावर हजर.

"मेलेलं उठवलंस की रे!" बंडोपंत ओरडले.

"मरा कां था पंत?" जिलानी हसला. "मिटाया बोले तो खाली नाम मिटता. घर के उप्पर की पाटी निकाल दिए, घर वइच खड़ा है. जब तक दुसरा कोई आको उस में रैता नै, तब तक पुराना माल सलामत."

बंडोपंत हसले, पोरं हसली, मीही हसलो. हसता हसता माझी नजर श्रीपतरावांकडं गेली. बाजारात बैलाचे दात बघावेत तसे ते त्या मशीनकडं बघत होते. तिथून त्यांची नजर हळूच माझ्याकडं आली.

"जिलानी," ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत मळ्यावरच राहा. सोनं घेऊनच जा."

नवमीला पूजा झाली. टाइपरायटर ओळीनं मांडलेले, त्यांच्या रांगेच्या टोकाला कॉम्प्युटर, त्याच्या बटणांवर हळदकुंकू, डोक्यावर झेंडू, पुढं लिंबू आणि फोडलेला कोहळा. आमच्या भागात नवमीला पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत कुणी हलवत नाही, वापरत नाही. सुतार रंध्याला हात लावत नाही, ड्रायव्हर गाडीला चावी लावत नाही. बंडोपंतांनी मशीनला धागा बांधला, समई लावली आणि मला बजावलं, "अण्णा, दिवा विझता कामा नये. तुम्ही इथंच बसा." आणि ते पुरणपोळीला घरी गेले.

भर दुपार. सगळा बाजार जेवून निजलेला. मी समईपुढं बसलो आणि मशीन माझ्यापुढं. आत कुठंतरी ते घर उभं होतं, पाटी काढलेलं. हात लावायची सोय नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. शारदाबाई. हातात तेलाची बाटली, डोक्यावर पदर, चेहरा राखेसारखा.

"अण्णा, दिव्याला तेल आणलंय," त्या मोठ्यानं म्हणाल्या, खाली कुणी असलं तर ऐकू जावं म्हणून. मग आवाज पार गेला. "भावजींनी उद्या हे मशीन मळ्यावर न्यायचं ठरवलंय. तो हैदराबादचा माणूस काय काय पुसलंय ते समदं वर काढणार हाय. अण्णा, खरं सांगा. हेच्यात माझ्या पोरीचं काही हाय का?"

मी मान हलवली. होकाराची.

त्या भिंतीला टेकल्या. "मग फोडा की हे! कामून बसलाव?"

"फोडलं तर त्यांला कळंल की आत काहीतरी होतं. मग मशीन राहील बाजूला आन् मला धरतील. अक्का, हे जसं हाय तसंच दिसाया पाहिजे आन् आत काहीच नसाया पाहिजे."

"मग तसं करा."

"पूजेला बसलंय."

शारदाबाईंनी त्या मशीनला हात जोडले, डोळे मिटले आणि पुढं होऊन धागा स्वतःच्या हातानं सोडला. "पाप लागलं तर मला लागू द्या," त्या म्हणाल्या. "चालू करा."

बटण दाबलं. मशीन घरघरलं. एवढ्या वर्षांत मी वाघ, भुतं, चकवे सगळे सांगितले, पण त्या घरघरीएवढी भीती मला कशाचीच वाटलेली नाही. खाली बाजारात ती ऐकू जातेय असं वाटत होतं.

जिलानीनंच उपाय सांगून ठेवला होता, त्याला पत्ता नसताना. दुसरं कुणी राहायला आणायचं, घरोघर. मी टायपिंगचा पहिला धडा घेतला, तोच निरर्थक अक्षरांचा, जो नवी पोरं पहिला महिनाभर बडवतात. त्याला तोच धडा जोडला. झालेल्या दोहोंना तेच दोन जोडले. असा फुगवत गेलो. धडा गावाएवढा झाला, तालुक्याएवढा झाला. मशीन आतून जात्यात खडे पडल्यासारखं करकरायला लागलं. तांबडा दिवा लुकलुकत होता. मोठा मावेना तेव्हा लहान घालायचा, लहान मावेना तेव्हा चिमुकला, कोपरा न कोपरा भरायचा. एक कोपरा राहिला आणि नेमका तोच त्या गल्लीचा असला तर?

"झालं का?" शारदाबाई दर थोड्या वेळानं विचारत.

"व्हायलंय."

"लवकर करा की."

"आपण लवकर करून चालत न्हाई, अक्का. ते आपल्या चालीनं चालतं."

मधेच लाईट डुगडुगली. पंखा मंदावला, पडदा आक्रसला. लाईट गेली असती तर अर्धवट काय राहिलं असतं देव जाणे. आम्ही दोघं श्वास धरून त्या बल्बकडं बघत राहिलो. बल्ब तांबूस झाला, पिवळा झाला आणि पुन्हा पेटला. शारदाबाईंच्या ओठांवर कुठलंतरी स्तोत्र चाललं होतं.

आणि खाली जीप थांबली.

नवमीला गाडीला चावी लावायची नसते. तरीही जीपच होती. तो आवाज गावातलं कुत्रंसुद्धा ओळखायचं.

शारदाबाईंनी खुंटीवरचं बंडोपंतांचं उपरणं ओढून पडद्यावर टाकलं. मी झेंडूच्या माळा तांबड्या दिव्यावर लोटल्या. करकर मात्र झाकायला काही नव्हतं. समईत तेल ओतायच्या निमित्तानं शारदाबाई मशीनच्या आडव्या बसल्या.

श्रीपतराव दारात उभे राहिले. डोक्यावर टोपी, कपाळावर कुंकू.

"वयनी? तुमी इथं?"

"दिव्याला तेल आणलं होतं."

"गड्याच्या हाती पाठवायचं." त्यांनी कान टवकारले. "आवाज कशाचा, अण्णा?"

मी समईची वात पुढं सारली. जन्मभर जिच्या जिवावर खाल्लंय ती जीभ, तिला सवय. ती सुटली एकटीच.

"मला वाटलं मलाच ऐकू यायलाय, राव. मी म्हटलं वयाचा दोष. तुमाला बी यायलाय व्हय? बिदरला किल्ल्याजवळच्या एका छापखान्यात असंच झालतं. नवमीला यंत्र पूजेला बसलं, धागा बांधला, आन् दुपारी आपोआप गुणगुणायला लागलं. मालकानं काय केलं, हात लावून बघितला. तिसऱ्या दिवशी हात असा वाळला की, तिळाच्या काडीवानी."

"आन् मग?"

"मग काय. डावऱ्या हातानं जेवतोय अजून."

श्रीपतराव पुढं आले. मी मनात म्हटलं, संपलं. त्यांनी हात पुढं केला, उपरण्याच्या वर एका बोटाच्या अंतरावर नेला आणि तिथंच थांबवला.

"ऊब लागायलीय."

"समई जवळ हाय, राव."

त्यांचा हात तसाच हवेत. मला त्यांच्या मनगटाची शीर उडताना दिसत होती. आणि मग श्रीपतरावांनी, ज्यांनी माणसांची घरं उघडी टाकली होती, तो हात मागं घेतला, दुसऱ्याला जोडला आणि मशीनला नमस्कार केला.

"उद्या पूजा उतरली की गडी पाठवतो," ते जाताना म्हणाले. "वयनी, चला. जीपमध्ये बसा."

शारदाबाई गेल्या. जाताना त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. जीपचा आवाज विरला तेव्हा मी उपरणं उचललं. पडद्यावर मशीननं लिहिलं होतं, की आता जागा उरली नाही.

इथंच थांबलो असतो तर बरं होतं. धडे पुसून टाकायचे, धागा बांधायचा, गप बसायचं. पण इतका वेळ घाबरलेल्या माणसाला हुशारी सुचते, आणि ती वाईट असते. मला वाटलं, काहीच सापडलं नाही तर श्रीपतराव शोधतच राहतील. त्यांना काहीतरी सापडू द्यावं. मी धडे पुसले आणि एक नवा दाखला लिहिला. नरसिंगचं नाव, आणि पत्ता उजनीच्या धरणात बुडालेल्या एका गावचा. गल्ली मारुतीच्या देवळामागची. खोटा पत्ता द्यायचा तर जिथं कुणीच राहत नाही तिथला द्यावा, दुसऱ्याच्या लेकरांच्या दारात माणसं जायला नकोत, एवढं भान होतं. तोही दाखला पुसला, जिलानीला उठवता यावा असा. मग मशीन बंद केलं, धागा बांधला आणि समईपुढं डोकं टेकवून पडून राहिलो.

दसऱ्याला मळ्यावर जिलानीनं सगळं वर काढलं. धडा, धडा, पुन्हा धडा. "किसी बच्चे की रूह घुसी है इस में," तो म्हणाला म्हणे. आणि शेवटी माझा दाखला. संध्याकाळी आपट्याची पानं देऊन झाल्यावर जीप सोलापूरच्या रस्त्याला लागली.

चार-पाच दिवसांनी ती परत आली. मी वर्गात होतो. श्रीपतराव आत आले, पोरांना बाहेर काढलं, दार लावलं आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसले. बुटांवर गाळ वाळलेला.

"पाणी," ते म्हणाले. "नजर पोचंल तिथवर पाणी, अण्णा. कोळी हसायला लागले मला. म्हणाले, साहेब, मारुतीचं देऊळ बघायचं तर उन्हाळ्यापर्यंत थांबा, दुष्काळ पडला तर कळस दिसतो."

मी जवळच्या टाइपरायटरवर झाकण घातलं.

"म्हणजे खरा पत्ता होता. नसता तर तू खोटा कामून लिहिला असतास?" त्यांनी एक बोट माझ्या कपाळावर टेकवलं, अगदी हलकं. "मशीन पुसलंस. पण आता तो हितं हाय. आन् हितलं काढायला मला हैदराबादचा माणूस लागत न्हाई."

ते उठून गेले. त्या दिवसापासून समोरच्या हॉटेलात त्यांचे दोन गडी बसायला लागले. मी पानाला निघालो की ते निघत. बहिर्दिशेला निघालो की ते निघत. ते मारत नव्हते, बोलत नव्हते. ते वाट बघत होते, मी थकायची. आणि मी स्वतःला ओळखून आहे. मी धीराचा माणूस नाही. डोळ्यांपुढं एक काठी नुसती उचलली तरी मी आजोळचंसुद्धा नाव सांगून मोकळा होईन.

पहिल्या रात्री झोप आली नाही. ती गल्ली डोळ्यांपुढून हलेना. घरमालकाचं नाव जिभेवर आपोआप यायचं, जेवताना, आंघोळ करताना. बायकोनं विचारलं, "काय पुटपुटायलाव?" तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. झोपेत बोललो तर? मशीनला निदान बटण होतं.

मग मी तेच केलं जे मशीनला केलं होतं. दुसऱ्या दिवशी हॉटेलात जाऊन त्या गड्यांच्याच टेबलावर बसलो आणि त्यांना पत्ता सांगितला. अफजलपूरच्या बाजूला, भीमेकाठी, उसाच्या पट्ट्यात. घराचं दार निळं, दारात शेवगा, घरमालकीण बहिरी. ते पळत गेले. तिसऱ्या दिवशी इचलकरंजी सांगितली, माग कुठला, मालक कसा, त्याच्या सुनेचं आणि सासूचं भांडण कशावरनं. पुढं मालेगाव, पुढं बार्शी, पुढं नांदेड. प्रत्येक पत्ता असा बांधला की दारातला नळ गळताना मला ऐकू यावा, पण घर मात्र कुठंच नसावं. रोज एक. कधी दोन. आणि प्रत्येक सांगताना तोच खरा आहे असं स्वतःला बजावायचं. त्या खोलीत वृंदाला चूल पेटवताना बघायचं, नरसिंगला डबा घेऊन निघताना बघायचं. एकावर एक, एकावर एक.

गड्यांनी चार ठिकाणं तपासली, मग निम्मी, मग एकही नाही. पोरं रस्त्यात विचारायला लागली, "अण्णा, आज कुठं?" लोक श्रीपतरावांना बघून तोंड फिरवून हसायला लागले. गडी हॉटेलातून उठले. मी मात्र थांबलो नाही. थांबायची मला भीती वाटत होती. थांबलो आणि तळाशी ती गल्ली तशीच दिसली, तर?

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात, भर दुपारी शारदाबाई माझ्या घरी आल्या. दाराशीच उभ्या राहिल्या.

"अण्णा, भावजी गुलबर्ग्याला दवाखान्यात हायत. जीप बी तिकडंच हाय. आज कुणाची भीती न्हाई. आईच्या पोटाकडं बघा आन् सांगा. माझी वृंदा कुठंय?"

मी तोंड उघडलं. आणि निळं दार आलं, शेवगा आला, माग आला, बार्शीची गल्ली आली, सासू-सुनेचं भांडण आलं. सगळी घरं सारखीच खरी. सगळ्यांत वृंदा चुलीपाशी बसलेली. मी एकेकात डोकावून बघायला लागलो, यातलं कुठलं मी बांधलेलं नाही, कुठलं आधीपासून होतं. सगळीकडं माझ्याच हाताच्या विटा.

"अक्का," मी म्हणालो, "मला याद न्हाई."

"मला बी खोटं सांगता?"

"खोटं असतं तर तोंडात लगेच आलं असतं."

त्या माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या. कधी एका डोळ्यात, कधी दुसऱ्या. मग चौकटीला धरून खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबला. मी पाणी आणलं, त्यांनी घेतलं नाही.

"भावजी दवाखान्यात न्हाईत," शेवटी त्या म्हणाल्या. "वेशीपाशी जीपमध्ये बसलेत. असं असं बोल म्हणून पढवून पाठवलंय मला. मी न्हाई म्हणाले असते तर उदगीरला रामरावच्या लेकीकडं माणसं पाठवतो म्हणाले." त्यांनी डोळे पुसले, पण ते पुन्हा भरत होते. "वाटेत देवाला म्हणत होते, अण्णांनी मला सांगू ने. मला खोटं येत न्हाई, अण्णा. माझं तोंड बघितलं की त्यांला कळतं."

"आता?"

"आता बघू दे की."

त्या उठल्या. पदर डोक्यावर घेतला, तोंड मात्र उघडं ठेवलं, आणि उन्हातून वेशीकडं चालायला लागल्या. मी गच्चीवर चढलो. जीप लिंबाच्या सावलीत उभी होती. त्या खिडकीपाशी जाऊन थांबल्या. आतून काय विचारलं, त्या काय बोलल्या, इतक्या लांबून ऐकू येण्यासारखं नव्हतं. त्या नुसत्या उभ्या होत्या आणि आतला माणूस त्यांचं तोंड बघत होता.

मग मागचं दार उघडलं, शारदाबाई आत बसल्या, आणि जीप सुरू झाली. माझ्या घराकडं येणारा रस्ता आणि मळ्याचा रस्ता वेशीपाशीच फुटतात. मी कठडा धरून उभा होतो. जीप तिथं क्षणभर थांबली आणि मळ्याकडं वळली.